एक पाय अलीकडे, एक पलीकडे: बॅककोर्ट आणि डबल ड्रिबलचे नियम नेमके कसे वाचायचे?

वृंदा_कराड

मंडळी, मी स्वतः खो-खो खेळलेली. बास्केटबॉल लेकीमुळे कळायला लागला, तोही अर्धामुर्धा. म्हणून जाणकारांना विचारतेय.

गेल्या रविवारी तिच्या शाळेचा आंतरशालेय सामना होता, १४ वर्षांखालील मुलींचा. शेवटचं दीडेक मिनिट उरलं होतं आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. लेक चेंडू घेऊन निघाली. मध्यरेषेपाशी समोरची मुलगी आडवी आली. लेकीचा उजवा पाय रेषेपलीकडे होता, डावा अलीकडेच, हातात ड्रिबल (एका हाताने टप्पे मारत चेंडू नेणं) चालू. वाट मिळेना म्हणून ती मागे सरकली, तर शिट्टी. बॅककोर्ट, म्हणजे पुढे नेलेला चेंडू परत मागच्या, आपल्या बास्केटच्या अर्ध्या भागात आणल्याची चूक! चेंडू त्यांना गेला. आमच्या सरांनी विचारलं तेव्हा पंच म्हणाले, "चेंडू रेषेपलीकडे गेला की गेला. परत आणता येत नाही."

त्याआधी दुसऱ्या क्वार्टरमध्येही एक प्रकार झाला होता. तिच्याकडे जोरात पास आला, दोन्ही हातांना लागून निसटला, जमिनीवर एक टप्पा पडला, तिने तो उचलला आणि ड्रिबल सुरू केला. लगेच डबल ड्रिबलची शिट्टी.

आम्ही हरलो. त्याचं फार वाईट वाटलेलं नाही, पण पोर दोन दिवस विचारतेय, "आई, मी काय चुकले?" मला उत्तर देता येत नाहीये. नियम नेमका काय आहे?

टेबलावरचा

पुण्यात बरीच वर्षं स्कोअरशीट लिहितोय, त्यावरून सांगतो. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल तर बॅककोर्ट नाही. ड्रिबल करत मागून पुढे येताना दोन्ही पाय आणि चेंडू, असे तिन्ही पुढच्या भागात टेकावे लागतात. तोवर खेळाडू बॅककोर्टमध्येच आहे असं धरतात. एक पाय मागे म्हणजे ती पुढे गेलेलीच नव्हती, मग परत येण्याचा प्रश्नच कुठे येतो?

दुसरी शिट्टी तर साफ चूक. निसटलेला चेंडू म्हणजे ड्रिबल नव्हे.

पीटी_सर

टेबलावरचा यांच्याशी असहमत. मी बावीस वर्षं शाळेत शिकवतोय. मुलांना आम्ही हेच सांगतो की रेषा ओलांडली, आता मागे वळून बघू नका. पाय किती, चेंडू कुठे, हे हिशेब बारा-तेरा वर्षांच्या मुलाने धावता धावता कसे करायचे? आणि धावत्या खेळात पंचाने तरी कसे करायचे? चेंडू पलीकडे टेकला, खेळाडू मागे आला, शिट्टी. मला तरी यात काही गैर दिसत नाही.

अनुजा_गार्ड

सर, आदर ठेवूनच बोलते. मी पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणणारी खेळाडू) म्हणून विद्यापीठापर्यंत खेळले, आणि या तीन टेकूंच्या नियमावर माझे कितीतरी सामने निभावलेत. बचाव करणाऱ्यांना मध्यरेषा म्हणजे फुकटचा सहावा खेळाडू असतो. गार्ड रेषा ओलांडून साइडलाइनच्या कोपऱ्यात शिरली रे शिरली की दोघी तिच्यावर तुटून पडतात, कारण आता मागे जायची वाट बंद, बाजूला साइडलाइन. म्हणून आमच्या प्रशिक्षक बाई सांगायच्या, रेषेपाशी आलीस की एक पाय मागे ठेवून पुढचं बघ. सापळा लागलेला दिसला तर सरळ मागे ये, दुसऱ्या बाजूने चढ. ही मुभा नियमानेच दिलीय. ती मुलांना शिकवलीच नाही तर आपण त्यांच्या हातातलं एक हत्यार काढून घेतो.

वृंदाताई, तुमच्या लेकीने हे आपसूक केलं असेल तर तिला खेळ कळतो.

कुतूहल

वाचतोय. डबल ड्रिबल म्हणजे दोन हातांनी ड्रिबल करणं, असंच मला आजवर वाटायचं.

जुनी_शिट्टी

उशिरा आलो. जरा सविस्तर लिहितो, कारण हे दोन्ही नियम मैदानावर सर्वांत जास्त अंदाजाने वाचले जातात. मी जिल्हा आणि राज्य पातळीवर पंचगिरी केली आहे. आपल्याकडचे सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांवर चालतात, तेच धरून बोलतो.

आधी कुतूहल यांचा प्रश्न. ताबा मिळालेल्या खेळाडूने चेंडू जमिनीवर टाकला, आपटला, ढकलला किंवा घरंगळत सोडला की ड्रिबल सुरू होतो. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले, किंवा चेंडू एका अगर दोन्ही हातांत विसावला, की तो संपतो. म्हणजे दोन्ही हातांनी एक टप्पा मारला तर त्याच क्षणी ड्रिबल संपला. त्यानंतर पुन्हा टप्पा मारला तर तो दुसरा ड्रिबल, आणि शिट्टी दुसऱ्या ड्रिबलची. "दोन हात" हा वेगळा गुन्हा नाही. "कॅरी"चंही तसंच. हात चेंडूखाली गेला आणि चेंडू तिथे विसावला म्हणजे ड्रिबल संपला. पुढे चालू ठेवलात तर दुसरा ड्रिबल. चेंडू डोक्याइतका उंच उडाला म्हणून कॅरी होत नाही. उंचीला मर्यादाच नाही. प्रेक्षक मात्र उंच टप्पा दिसला की "कॅरी, कॅरी" ओरडतात.

पहिला ड्रिबल संपल्यावर दुसरा कधी चालतो? मधे ताबा सुटलेला असला पाहिजे. एक तर तुम्ही बास्केटवर शॉट मारला, किंवा प्रतिस्पर्ध्याचा चेंडूला स्पर्श झाला, किंवा तुमचा पास अथवा हातून निसटलेला चेंडू दुसऱ्या कुणाला तरी लागला. एवढंच.

आता वृंदाताईंच्या मुलीचा पास. चेंडू हातांना लागून निसटला, तेव्हा ताबा आलाच नव्हता. ताबा नाही तर ड्रिबल नाही. जमिनीवर पडला तो नुसताच पडला. तिने उचलला तेव्हा पहिल्यांदा ताबा आला, आणि नंतर सुरू केला तो तिचा पहिलाच ड्रिबल. शिट्टी चूक होती.

एक बारकावा मात्र मुलीला सांगा. ड्रिबल संपवताना, चेंडू हातात घेता घेता निसटला, तरी तो धावत जाऊन पुन्हा पकडता येतो. पकडल्यावर मात्र पुन्हा ड्रिबल नाही; पास किंवा शॉट. सुरुवातीचं निसटणं आणि शेवटचं निसटणं यात हा फरक आहे, आणि बहुतेक पोरं इथेच फसतात.

बॅककोर्टवर नंतर लिहितो, जेवण थांबलंय.

सोलापुरी_सेंटर

जुनी शिट्टी काका, लवकर जेवा!

पीटी_सर

निसटलेल्या चेंडूबद्दल पटलं. ती शिट्टी मीही दिली नसती. बॅककोर्टबद्दल वाट बघतो.

सॅन_होजेकर

इथे अमेरिकेत मुलगा हायस्कूलच्या संघात आहे, म्हणून थोडी भर घालतो. इंटरनेटवर नियम शोधणाऱ्यांनी सावध राहावं. तिथे सापडणारे अर्धेअधिक खुलासे इथल्या शालेय किंवा कॉलेजच्या नियमांचे असतात. दोन पाय आणि चेंडू हे सूत्र इथेही तेच. पण चेंडू पुढे न्यायला शाळेत १० सेकंद मिळतात, तुमच्याकडे ८. कॉलेजमध्ये १०, एनबीएत ८. आणि थ्रो-इन (रेषेबाहेरून आत टाकलेला चेंडू) हवेत झेलून मागे उतरणाऱ्या खेळाडूला शालेय नियमात सूट आहे. ती फिबामध्ये आहे का?

नागपाड्याचा_दिन्या

आमच्या वेळी फिबाचेही १०च होते, आणि शॉटला ३० सेकंद. २०-२० मिनिटांचे दोन हाफ. २००० साली ८ आणि २४ आले, चार क्वार्टर आले, आणि आमच्यासारख्या निवांत चेंडू आणणाऱ्यांची पळापळ झाली. मस्तान तलावच्या कोर्टवर आमच्या चाळीतली पोरं पहिला आठवडाभर एकमेकांना मोठ्याने आकडे मोजून दाखवायची. "पाच! सहा! अरे सोड की!"

तिथेच मी एक गोष्ट शिकलो. प्रेक्षकांना सगळं आधी दिसतं आणि चुकीचं दिसतं. रेषेजवळ चेंडू आला की चारी बाजूंनी "बॅक! बॅक!" सुरू. नवीन पंच असेल तर त्या आवाजावर शिट्टी जाते. मला वाटतं ताईंच्या सामन्यात हेच झालं असणार.

वृंदा_कराड

दिन्या, अगदी! त्यांचे पालक आमच्या बाजूलाच उभे होते आणि शिट्टीच्या आधी "बॅक" असा ओरडा झाला होता.

जुनी शिट्टी, मनापासून आभार. निसटलेल्या चेंडूचं लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, "म्हणजे मी बरोबर होते?" चेहरा बघायला हवा होता.

जुनी_शिट्टी

आलो.

बॅककोर्टची चूक व्हायला तीन गोष्टी एकापाठोपाठ घडाव्या लागतात. चेंडू तुमच्या संघाच्या ताब्यात पुढच्या भागात आलेला हवा. पुढच्या भागात त्याला शेवटचा हात तुमच्या संघाचा लागलेला हवा. आणि नंतर पहिला हातही तुमच्याच संघाच्या अशा खेळाडूचा लागला पाहिजे, ज्याच्या शरीराचा काही भाग मागच्या भागाला टेकलाय, किंवा चेंडू तरी मागच्या भागात टेकून आलाय. यातली एक जरी गोष्ट नसेल तर शिट्टी तोंडातच ठेवायची.

म्हणून चेंडू नुसता मागे गेला म्हणून चूक होत नाही. तुमचा पास फसला, चेंडू मध्यरेषेमागे घरंगळत चाललाय, तरी चूक झालेली नाही. तुमच्यापैकी कुणी तो उचलला की होते. समोरच्याने उचलला तर खेळ चालू. आणि समोरच्याने पुढच्या भागात हात लावून तो मागे ढकलला असेल तर तुम्ही बिनधास्त उचला, कारण शेवटचा हात त्यांचा. पण त्यांचा हात लागून तो तुमच्याच खेळाडूच्या गुडघ्यावर आपटून मागे गेला, तर शेवटचा स्पर्श तुमचा. तिथे उचललात की चूक. ही शिट्टी दिली की प्रशिक्षक हमखास अंगावर धावून येतात, कारण त्यांनी बचावाचा हात पाहिलेला असतो, गुडघा नाही.

रेषा कुणाची? मध्यरेषा मागच्या भागाचीच. ५ सेंटीमीटरची पट्टी आहे आणि ती सगळी बॅककोर्टमध्ये धरतात. रेषेवर पाय म्हणजे मागे पाय. उलट, एकदा पुढे गेल्यावर चेंडूचा टप्पा रेषेवर पडला आणि तुम्ही पुन्हा हात लावला, तर गेला.

पीटी सर, तुमची अडचण मला समजते. धावता धावता तीन टेकू मोजायचे कसे? पंचाने नजर चेंडूवर न ठेवता मागच्या पायावर ठेवायची. चेंडू आणि पुढचा पाय बहुतेक वेळा आधीच पलीकडे असतात. मागचा पाय उठून पुढे टेकला की हिशेब पूर्ण. एकच गोष्ट बघायची आहे. मला हे एका वडीलधाऱ्या पंचांनी शिकवलं, आणि त्यानंतर मध्यरेषेपाशी मी क्वचितच अडखळलो.

सॅन होजेकर, फिबात ती सूट नाही. थ्रो-इनसाठी चेंडू हातात आला की संघाचा ताबा सुरू होतो. त्यामुळे सहकाऱ्याने पुढच्या भागातून उडी मारून थ्रो-इन हवेत झेलला आणि मागे उतरला तर चूक. सूट आहे ती ताबा नव्याने मिळवणाऱ्याला. समोरच्यांचा पास तुम्ही तुमच्या पुढच्या भागातून उडी मारून हवेतच तोडला आणि झोकात मागच्या भागात उतरलात, तर चालतं. अंग हवेत असताना दिशा बदलता येत नाही, म्हणून ही सवलत. मात्र उतरायच्या आधी, हवेतूनच, मागच्या सहकाऱ्याला पास दिलात तर चूक.

अनुजा_गार्ड

शेवटचं मला आजवर माहीत नव्हतं! हवेतून पास दिलेला मी तरी दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा खेळ चालू राहिला.

टेबलावरचा

मलाही नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

सोलापुरी_सेंटर

एक कोडं घालू का? माझा सहकारी पुढच्या भागात चेंडू घेऊन उभा आहे. मी मध्यरेषेवर, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. त्याने मला पास दिला, मी झेलला, हललोही नाही. चूक की नाही?

कुतूहल

एक पाय मागे म्हणजे तुम्ही बॅककोर्टमध्ये. मग चूक?

पीटी_सर

माझ्या मते नाही. त्याचा एक पाय पुढे आहे, चेंडू मध्यरेषेमागे टेकलाही नाही.

अनुजा_गार्ड

चूक. शेवटचा हात पुढच्या भागातल्या सहकाऱ्याचा. पहिला हात ज्याचा लागला त्याचा पाय मागे टेकलेला. चेंडू टेकायची गरजच नाही.

आता हेच उलटं करून बघा. सहकारी मागच्या भागात, मी दोन पायांवर दोन बाजूंना. त्याने मला दिला, मी त्याला परत दिला. काहीच चूक नाही, कारण चेंडू पुढे गेलाच नव्हता. उभं राहायची जागा तीच, पाय तेच, चेंडू कुठून आला त्यावर सगळं ठरतं.

पीटी_सर

अच्छा. हे मी मुलांना बरोबर उलटं शिकवत आलो. उद्या सकाळी खडूने रेषा मारून त्यांना हेच करून दाखवतो.

कुतूहल

थोडं अवांतर. या धाग्यामुळे शोधाशोध केली. डॉ. जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत हा खेळ सुरू केला, तेव्हाच्या १३ नियमांत ड्रिबल नव्हताच! चेंडू झेलला त्या जागेवरूनच तो फेकायचा, घेऊन पळायचं नाही. अडकलेल्या खेळाडूने चेंडू खाली टाकून पुन्हा उचलायला सुरुवात केली, त्यातून ड्रिबल आला. १९२७ साली तर अमेरिकेतल्या नियम समितीने एकच टप्पा चालेल असं ठरवलं होतं. प्रशिक्षक एवढे खवळले की फॉग ॲलन यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःची संघटना उभी केली आणि तो निर्णय मागे घ्यायला लावला.

म्हणजे आपण इथे ज्याच्यावर वाद घालतोय तो ड्रिबल खेळाडूंनी नियमाच्या फटीतून आत आणला.

नागपाड्याचा_दिन्या

वा! त्यात आणखी एक. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला, आणि तोही मोकळ्यावर, मातीच्या कोर्टवर. अंतिम सामन्याला पाऊस आला. चिखलात टप्पाच पडेना, नुसते पास. अमेरिकेने कॅनडाला १९-८ हरवलं. दोन्ही संघांचे मिळून २७ गुण! पावसाळ्यात मैदानावर खेळलेल्या कुणालाही तो सामना डोळ्यांसमोर दिसेल.

जुनी_शिट्टी

मध्यरेषेचा नियमही खेळाच्या इतिहासातूनच कळतो. आधी आघाडीवर असलेला संघ चेंडू घेऊन सगळ्या कोर्टभर फिरत राहायचा आणि वेळ काढायचा. प्रेक्षक कंटाळायचे. १९३२-३३च्या सुमारास अमेरिकेत मध्यरेषा आणि १० सेकंदांचा नियम आला, तो खेळ अर्ध्या कोर्टात कोंडण्यासाठी. एकदा पुढे गेलात की तिथेच लढा. बॅककोर्टचा नियम हा त्याच विचाराचा भाग आहे. म्हणून मी शिकाऊ पंचांना सांगतो, शंका आली तर स्वतःला विचारा, हा संघ खरंच पुढे जाऊन मागे पळाला का? की अजून पुढे गेलाच नव्हता?

सॅन_होजेकर

छान मांडलंत. आणि एक पाय मागे ठेवून किती वेळ उभं राहता येतं, याचं उत्तरही त्यातच आहे. सेकंद मोजणं थांबत नाही.

जुनी_शिट्टी

बरोबर. अनुजाताईंचं हत्यार ८ सेकंदांपुरतंच. शॉट क्लॉक (शॉटची वेळ मोजणारं घड्याळ) नसलेल्या शालेय सामन्यात पंच स्वतःच मोजतो, त्यामुळे खेळाडूनेही मनात मोजत राहावं.

भिवंडीचा_भाऊ

रेषांवरून आठवलं. आमच्या शाळेचं कोर्ट सिमेंटचं आहे. त्यावर बास्केटबॉल पांढरा, व्हॉलीबॉल पिवळा, बॅडमिंटन निळा, आणि पाच वर्षांत कुणी रंग मारलेला नाही. बास्केटबॉलची मध्यरेषा मधल्या दोन-अडीच मीटरमध्ये पूर्ण पुसली गेलीय. व्हॉलीबॉलची मध्यरेषा तिथेच, पण नेमकी त्याच जागी नाही. पाय रेषेवर होता की नव्हता हे पंचाला तरी कसं दिसणार? वृंदाताई, तुमच्या सामन्याचं कोर्ट कसं होतं?

वृंदा_कराड

भाऊ, डिट्टो. मधली रेषा पुसट, कडेला थोडी दिसते.

पीटी_सर

हे मात्र आपल्या सगळ्यांचं पाप आहे. आपण मुलांना नियम शिकवतो आणि रेषाच दाखवत नाही. पंचांना दोष देताना मी स्वतः कितीदा कोर्ट रंगवून घेतलं? बावीस वर्षांत तीनदा.

वृंदा_कराड

मंडळी, आज एक नवीन गोष्ट हाती आली आणि ती इथे सांगितलीच पाहिजे.

माझ्या भावाने सामन्याचा व्हिडिओ मोबाइलवर काढला होता, तो काल मिळाला. मी आणि लेक दोघींनी तो निदान वीस वेळा थांबवून थांबवून पाहिला. जुनी शिट्टी यांनी सांगितलं तसं फक्त मागच्या पायावर नजर ठेवली. उजवा पाय पलीकडे पडतो. चेंडूचा टप्पा पलीकडे पडतो. आणि मग डावा पाय उठतो, पुढे टेकतो, अगदी एका टप्प्यापुरता. समोरची मुलगी अंगावर येते तेव्हा तो डावा पाय मागे जातो, आणि हातात ड्रिबल चालूच. कडेला दिसणाऱ्या रेषेवरून अंदाज घेतला तर तो पाय रेषेच्या बराच मागे होता, वीतभर तरी.

म्हणजे तिन्ही टेकले होते. ती पुढे गेली होती. शिट्टी बरोबर होती. मी तुम्हाला जे लिहिलं ते मला तसंच दिसलं होतं, मी काही लपवलं नव्हतं, पण मला चुकीचं दिसलं होतं.

अनुजा_गार्ड

ताई, हे इथे येऊन सांगितलंत, फार बरं वाटलं. माझं आधीचं कौतुक मी मागे घेत नाही. डाव्या पायाचा एक टप्पा घाई झाली, बस.

टेबलावरचा

मग पंचांचा निर्णय बरोबर, पण त्यांनी दिलेलं कारण चूक. "चेंडू रेषेपलीकडे गेला की गेला" असं नसतंच. त्या कारणाने उद्या ते एक पाय मागे असलेल्या मुलीलाही शिट्टी देतील.

जुनी_शिट्टी

शक्य आहे. पण टेबलावरचा, मी पंचांची बाजूही मांडतो. सामन्याच्या मधे प्रशिक्षकाला दोन वाक्यांत उत्तर द्यायचं असतं. मीही अशा वेळी अर्धवट वाक्यं बोललोय. त्यांनी पाय पाहिला असेल आणि तोंडातून चेंडू आला असेल. निसटलेल्या चेंडूवरची शिट्टी मात्र चूकच होती, त्यावर मी ठाम आहे.

वृंदाताई, मुलीला काय सांगितलंत?

वृंदा_कराड

तिला मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "आई, एक शिट्टी माझी, एक त्यांची." आणि मग वही काढून बसली. आता तिचाच एक प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत: "समोरची मुलगी अंगावर आहे म्हणून मी तिच्याकडे पाठ करून उलटी चालत पुढे जातेय. माझे दोन्ही पाय पलीकडे गेले, पण चेंडूचे टप्पे अजून रेषेअलीकडेच पडतायत. मी पुढे आहे की मागे?"

पीटी_सर

मी देऊ का उत्तर? परवापर्यंत आलं नसतं. दोन पाय पुढे, चेंडू मागे, तिसरा टेकू बाकी. म्हणून ती अजून मागेच. परत यायचं असेल तर येऊ शकते. ८ सेकंद चालू आहेत. चेंडू पलीकडे टेकला की परतीची वाट बंद. बरोबर का, जुनी शिट्टी?

जुनी_शिट्टी

शंभर टक्के.

सोलापुरी_सेंटर

सर, खडूच्या रेषेवर पोरं काय म्हणाली?

पीटी_सर

सकाळी पाऊण तास तेवढंच चाललं होतं. दोघादोघांच्या जोड्या, एक ड्रिबल करणार, दुसरा फक्त त्याचा मागचा पाय बघणार आणि "गेला" म्हणणार. सातवीतला एक मुलगा एकदाही चुकला नाही. त्याला पुढच्या महिन्यापासून शाळेच्या सरावसामन्यात शिट्टी देणार आहे.

भिवंडीचा_भाऊ

आणि रेषेचं काय?

वृंदा_कराड

भाऊ, तुमच्या प्रतिसादामुळेच आम्ही पाच-सहा पालक मुख्याध्यापकांना भेटलो. परवानगी मिळाली. येत्या शनिवारी सकाळी सगळे जमून कोर्ट रंगवतोय. रंग आणि मोठा ब्रश आमच्या गल्लीतल्या पेंटरकडून आणलाय. काही सूचना?

टेबलावरचा

आधी कोर्ट धुऊन पूर्ण वाळू द्या, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघेल. मोठ्या कोर्टाचं माप २८ बाय १५ मीटर, ते आतल्या कडेपासून मोजायचं. जागा कमी असेल तर असेल तेवढ्या लांबीचा बरोबर मध्य काढा. मध्यरेषा ५ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना कागदी टेप लावूनच मारा. व्हॉलीबॉलच्या रेषेचा रंग वेगळा ठेवा.

जुनी_शिट्टी

आणि मध्यरेषा साइडलाइनच्या बाहेर १५ सेंटीमीटर दोन्हीकडे वाढवा. मधली पुसली गेली तरी कडेवरून अंदाज घेता येतो. तुमच्या व्हिडिओत तेवढ्यावरच काम भागलं ना?

वृंदा_कराड

हो, तेवढ्यावरच. वाढवतो. लेकीने मध्यरेषा स्वतः मारणार म्हणून आधीच सांगून ठेवलंय.